बोलणाऱ्या टाइल्स

मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. आमच्या न्हाणीतली तिसरी भिंत टाइल्सनी मढवली तीही मीच. ही दोन वाक्यं मी सहसा शेजारी शेजारी ठेवत नाही. ज्यानं ती भिंत पाहिली, तो पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवायला तयार होत नाही.

आमचं घर झाशीत, खंडेराव गेटपासून हाकेच्या अंतरावर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि मिस्त्री-दूधवाल्यांशी निम्मी बुंदेली, असा आमच्या तोंडाचा कारभार. 'बाथरूम' हा शब्द पाहुण्यांसाठी. आपसात आम्ही 'न्हाणी'च म्हणतो. ही न्हाणी जुनी, जाड भिंतींची आणि गुळगुळीत झालेल्या दगडांची होती. त्या वर्षी थंडीत बाबा तिथे घसरून पडले. हाड वाचलं. पण इंदूरहून दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"आणखी एकदा असं काही झालं, पडणं म्हण किंवा दुसरं काही, तर मी त्यांना इकडे घेऊन येणार. तू नुसता बघत बसतोस."

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाबा फोनच्या शेजारीच बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते मला हळूच म्हणाले, "तिकडे मला उरलेल्या वरणासारखं झाकून ठेवतील रे. मला इथंच राहू दे." आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबांनी माझ्याकडे काही मागितलंय, असं त्याआधी कधी घडल्याचं मला आठवत नाही.

मी शब्द दिला. न्हाणीच्या एका कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी टाइल्स लावायच्या, वरून शॉवर, बसायला ओटा, धरायला दांडी. चिरगाँवहून रोज सकाळच्या बसनं येणारा एक वयस्क मिस्त्री मिळाला. मला तो 'मास्साब' म्हणे, आणि माझ्या कुठल्याही सूचनेवर 'हओ' म्हणून स्वतःला हवं तेच करी.

त्याचं काम बघत राहावंसं वाटे. टाइल्स आधी पाण्यात बुडवून ठेवायच्या. मागच्या बाजूला मसाला पुरा, कोपऱ्यापर्यंत भरायचा. टाइल भिंतीला दाबायची, थापीच्या मुठीनं चार ठिकाणी ठोकायची आणि कान जवळ न्यायचा. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला की तो मान हलवी आणि म्हणे, "जे बोल रई है." आणि बसवलेली टाइल उचकटून काढी.

"बोल रही है तो बुरा क्या है?" मी एकदा विचारलं.

"मास्साब, इस्कूल में बोलबे वाला मोड़ा अच्छा। दीवार में नईं।" मोड़ा म्हणजे पोरगा.

दोन भिंती झाल्या आणि चैत्र लागला. गावाकडे गहू पिकून उभा होता. मिस्त्रीनं अवजारं धुतली, आमच्याकडेच ठेवली आणि म्हणाला, "कटाई निपट जाए, फिर आ जेहें. तब लौं हाथ ना लगाइयो." जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून माझ्या बायकोला सांगून गेला, "भाभी जी, ताख खाली करा दइयो. आके मूँद देंगे."

तिसऱ्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा होता, त्याबद्दल तो बोलत होता. आई आंघोळीचं सामान त्यात ठेवायची. त्याला एक छोटं लाकडी दार होतं, तेही दमट हवेनं फुगून गच्च बसलेलं. कोनाडा बुजवून भिंत सपाट करायची असं ठरलं होतं. बाबांना विचारलं तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले होते.

मिस्त्री गेला आणि मला रामनवमीला जोडून दोन सुट्ट्या मिळाल्या. माणसाचा घात व्हायला तेवढ्या पुरतात. दादा अक्षय्य तृतीयेला येणार होता. त्याच्या आत बाबा ताठ उभे राहून शॉवरखाली आंघोळ करताना मला त्याला दाखवायचे होते. शिवाय आठ दिवस मिस्त्रीला बघून मला वाटू लागलं होतं की यात आहे काय. एक आयत. त्याचे सारखे भाग करायचे.

काम सुरू करण्यापूर्वी मी बायकोला न्हाणीतूनच ओरडून विचारलं, "अगं, मिस्त्रीनं ताखाचं सांगितलं होतं, ते झालं का?"

"कधीच झालं."

"पूर्ण रिकामं?"

"तळ घासून ठेवलाय."

मला तिचं कौतुक वाटलं. कोनाड्याचा तळसुद्धा घासणारी बायको मिळायला नशीब लागतं. मग ते गच्च बसलेलं दार उघडून बघण्याची काय गरज? मी दारावरूनच जाळी ठोकली, जाळीवर सिमेंट फासलं, आणि त्यावर टाइल्स. बुडवून ठेवायला मी विसरलो. मसाला पुरा भरायचा कंटाळा आला, म्हणून प्रत्येक टाइलच्या मागे पाच गोळे, थालीपिठावर बोटांनी भोकं पाडतात तसे पाच जागी. फटी सारख्या याव्यात म्हणून आगपेटीच्या काड्या खोचल्या. ओळंबा लावला होता, पण त्याची दोरी माझ्याच डोक्याला लागून हलत होती आणि त्या हलण्याच्या मध्यावर मी अंदाजानं रेघ मारली. संध्याकाळी लांब उभं राहून बघितलं. भिंत वरच्या बाजूला किंचित पुढे झुकली होती. काहीतरी ऐकायला वाकल्यासारखी.

"मुलांना शाळेत काय शिकवता हो तुम्ही?" बायकोनं विचारलं.

पाचव्या दिवशी बाबांनी तिथे पहिली आंघोळ केली. सकाळी आठ ही त्यांची वेळ. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन पहाऱ्याला. आतून पाण्याचा आवाज, मग पाणी बंद. मग टक्, टक्. दोनदा, मध्ये अंतर ठेवून. आणि पाठोपाठ बाबांचा आवाज, अगदी साधा, "हो, आलो."

मला वाटलं मला म्हणताहेत. दार उघडून ते बाहेर आले, टॉवेल घेतला आणि विचारलं, "तू ठोकलंस?"

"नाही. मी इथंच उभा होतो."

"बरं," ते म्हणाले, आणि डोकं पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मधल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. न्हाणीची ती तिसरी भिंत आणि मधल्या खोलीची भिंत एकच. बाबा पूर्वी तिथे आरशासमोर दाढी करायचे. खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता, बायको अंगणात कपडे वाळत घालत होती, सगळं रोजच्यासारखं. मी भिंतीला कान लावला. पाणी बंद झालं. थोडा वेळ काही नाही. मग माझ्या कानाच्या अगदी जवळ, भिंतीच्या पोटातून, टक्. टक्.

पलीकडून बाबा म्हणाले, "हो."

मी कान काढला तेव्हा तो गार पडला होता. भिंत चैत्रातल्या उन्हाची, कोमट होती.

त्या दुपारी बाबांना विचारलं. आधी ते टाळत होते. मग त्यांनी सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा घरात मोठी माणसं सात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही. ती न्हाणीत, मी या बाजूला दाढी करत. आंघोळ झाली की ती फुलपात्रानं भिंतीवर दोनदा ठोकायची. म्हणजे, तुमचं पाणी काढून ठेवलंय, या. मी दाढीच्या वाटीनं उलट दोनदा ठोकायचो. मोठी माणसं गेली, तरी ठोकायची. सवय."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"हलकं ठोकायची. तुझ्यासाठी नव्हतंच ते." मग म्हणाले, "दादाला सांगू नकोस. तो म्हणेल, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. नेईल मला."

आता माझी पंचाईत बघा. त्या संध्याकाळी मी थापीची मूठ घेऊन तिन्ही भिंतींवरच्या सगळ्या टाइल्स ठोकून पाहिल्या. मिस्त्रीच्या दोन भिंती मुक्या. माझी भिंत वरपासून खालपर्यंत ढब ढब बोलत होती. पोकळ टाइल ठोकली की वाजते, हे मला कळत होतं; कुणी न ठोकता ती का वाजते, हे कळत नव्हतं. दादाला काही बोललो तर दोनपैकी एक गोष्ट सांगावी लागणार होती: बाबांचं डोकं फिरलंय, किंवा मी गाढव आहे. दुसरी गोष्ट दादाला आधीच ठाऊक होती, त्यामुळे त्यानं पहिलीच धरली असती. आणि तिसरीही एक गोष्ट होती, ती मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हतो. ते ठोकणं मलाही ऐकू येत होतं.

मी गप्प बसलो. फक्त न्हाणीत एकटा जाईना. अंगणातच डोक्यावर दोन तांबे ओतून शाळेत जायचो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, उकडतं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दादा आला. मी त्याला न्हाणी दाखवली. तो तिसऱ्या भिंतीसमोर बराच वेळ मान तिरकी करून उभा राहिला.

"ही भिंत मुद्दाम अशी केली आहे?"

"पाणी ओघळून जावं म्हणून," मी म्हणालो.

सणाच्या सकाळी आठ वाजता बाबा आंघोळीला गेले. दादा आणि मी बाहेर. आत पाणी बंद झालं. मी मनातल्या मनात न्हाणीला विनवण्या करत होतो की आजचा दिवस नको. टक्, टक्. आणि आतून बाबा, नेहमीपेक्षा हळू आवाजात, लपवल्यासारखे: "हो, आलो."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "कोणाशी बोलताहेत?"

"मला म्हणाले."

"तू तर काही बोलला नाहीस."

बाबा बाहेर आले. त्यांनी आमची दोघांची तोंडं पाहिली, आणि टॉवेल न घेताच ओल्या अंगानं उभे राहिले. दादा चांगला माणूस आहे. तो आवाज चढवत नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. "बाबा," तो म्हणाला, "आत कोण आहे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. इतकं खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जेवणं झाली. पुरणपोळ्या ताटात तशाच राहिल्या. दादानं परवाच्या गाडीची तीन तिकिटं काढायचं ठरवलं. वाटेत त्रास नको म्हणून मीही बरोबर जायचं. बाबा मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारात उभा होतो. मी शब्द दिला होता, आणि तो मीच, स्वतःच्या हातानं, पाच पाच गोळ्यांवर उभा केला होता.

तेवढ्यात दारात मिस्त्री. कटाई आटोपली होती, सणाचं म्हणून त्यानं नव्या गव्हाची पिशवी आणली होती. अवजारं घ्यायला तो सरळ न्हाणीत गेला आणि तिथेच थांबला. मग ठोकण्याचा आवाज: ढब, ढब, ढब.

"मास्साब," तो आतून म्हणाला, "जे तो सबरी बोल रईं." सगळ्याच्या सगळ्या.

दादा ताडकन उठून आत गेला. "काय बोलताहेत? क्या बोल रही हैं?"

"टाइलें, भैया. पीछें मसाला नईंयाँ. जा दीवार कौन ने बनाई?"

मी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा, खांद्यापर्यंत. आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलं. पाच गोळे सांगितले, काड्या सांगितल्या, ओळंबा सांगितला, रोज आठ वाजता मलाही ऐकू येतं तेही सांगितलं. "बाबा एकटेच ऐकत नाहीत," मी दादाला म्हणालो. "न्यायचं तर मलाही ने."

दादानं कपाळावर हात मारला. मिस्त्रीनं छिन्नी घेतली. माझ्या टाइल्स काढायला त्याला फारसे कष्ट पडले नाहीत. त्या सुट्या व्हायला टेकल्याच होत्या. जाळी कापली. फुगलेलं दार फोडलं. बाबा उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले होते.

कोनाड्यात शिकेकाईची वाटी होती, वाळून काळी पडलेली. एक दात तुटलेली फणी. आणि पुढच्या कडेला, दाराला टेकून, आईचं पितळेचं फुलपात्र.

"भाभी जी," मिस्त्री म्हणाला, "हमने तो कई हती, ताख खाली करा दइयो."

बायको सांगलीकडची, झाशीत येऊन दहा वर्षं झाली तरी तिची हिंदी तिची स्वतःची. ती त्याला म्हणाली, "ताक म्हणाला होतात ना? ताक खाली करा, येऊन झाकतो. मला वाटलं तुम्हाला प्यायला हवंय. म्हणून तर लगेच दोन गिलास दिलं, उरलेलं शेजारी वाटलं आणि गंज घासून पालथा घातला."

"हओ," मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "मठा तो पियो हतो. हमने सोची, बड़ो मान दे रईं."

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्हाला मी सांगितलं तळ घासलाय, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? कोनाड्याचा तळ?"

मला तेच वाटलं होतं. बाबांना आधी हसू फुटलं. मग दादाला.

मिस्त्रीनं कोनाड्यात हात घालून चाचपलं. टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचा नळ त्या भिंतीतून, कोनाड्याच्या पाठीला लागून वर जात होता. "मोटर चलाओ तनक," तो म्हणाला. मी धावत जाऊन बटण दाबलं. नळ थरथरला, कोनाड्यातली फळी थरथरली, आणि फुलपात्र दाराच्या उरलेल्या लाकडावर वाजू लागलं. टक् टक् टक् टक्.

"लो," मिस्त्री म्हणाला.

दादा पुढे आला. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे खरंच वाजत होतं. आणि आम्ही तुम्हालाच..." दोन दिवसांनी तो एकटाच इंदूरला गेला.

आता एक गोष्ट कबूल करतो, जी दादाला अजून सांगितलेली नाही. नळाला पाणी येतं पहाटे साडेपाचला. मोटर मी लावतो, आणि सहाला बंद करतो. बाबांची आंघोळ आठला. त्या वेळी मोटर चालू असल्याचा एकही दिवस मला आठवत नाही. आणि मोटरीनं ते फुलपात्र दोनदा वाजून थांबत नाही, वाजतच राहतं. हे माझ्या ध्यानात तिथेच, बटणावर बोट असतानाच आलं होतं. वर्गात एखाद्या मुलानं अशी सिद्धता मांडली असती तर मी त्याला मधली पायरी कुठे गेली म्हणून बाकावर उभं केलं असतं. पण दादा हसत होता, बाबा हसत होते. मी बटण बंद केलं आणि बोट खिशात घातलं.

मिस्त्रीनं तिसरी भिंत पुन्हा लावली, ओळंब्यात, मुकी. कोनाडा बाबांनी बुजवू दिला नाही. त्याला आतून टाइल्स लावून घेतल्या आणि फुलपात्र तिथेच ठेवलं. घसरले तर कळावं म्हणून मी एक पद्धत बसवली: आंघोळ झाली की बाबांनी फुलपात्रानं भिंतीवर दोनदा ठोकायचं, मी मधल्या खोलीतून उलट दोनदा ठोकायचं. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ठोकायचो. काही महिने हे नीट चाललं.

एकदा सकाळी टाकी भरेना. झडप अडकली होती. मी गच्चीवर टाकीत डोकं घालून बसलो आणि आठ वाजून गेल्याचं ध्यानात राहिलं नाही. आठवलं तेव्हा जिने दोन दोन पायऱ्या उतरत खाली आलो. बायको भाजीला गेली होती. बाहेरच्या दाराला कुलूप होतं, तिनं नेहमीसारखं बाहेरून लावलेलं.

बाबा पलंगावर बसून डोकं पुसत होते. ठीक होते. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आज नीट ठोकलंस," ते म्हणाले. "रोज दार फोडल्यासारखं ठोकतोस. आज कसं हलकं होतं."

मी त्यांच्या हातातून ओला टॉवेल घेतला.

"हो," मी म्हणालो.

तेव्हापासून मी हलकं ठोकायचा सराव करतोय. बाबा ऐकतात आणि आतून म्हणतात, बरं आहे, पण त्या दिवशीसारखं नाही.